वाचक विचारतात : नाटकातली दुष्ट माणसं इतकी ओळखीची का वाटतात?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या जुन्या गाजलेल्या नाटकांमध्ये खलनायक असा एकटा नसतोच, कुणीतरी क्रूर वागतं तेव्हा आजूबाजूच्या चार जणांचा त्यात थोडा थोडा फायदा असतो, कुणाला पैसे, कुणाला मान, कुणाला नुसती करमणूक, आणि म्हणून ते सगळं बिनबोभाट चालतं. त्यावर भरपूर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर पण आली. काही जणांना पटलं, काही जणांना अजिबात नाही, आणि काहींनी स्वतःच्या घरातलं लिहिलं जे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, जी पत्रं नाटकाशी थेट जोडलेली आहेत ती घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, मी बँकेतून रिटायर झालो, नाशिकला असतो. मुलगा म्हणतो फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर करून टाका, नंतर वारसाच्या भानगडी नकोत. मुलगा खरंच चांगला आहे, सून पण. पण ‘नटसम्राट’ आठवतं आणि झोप लागत नाही. नाटकावरून घरचे निर्णय घ्यावेत का?

काका, मुलगा चांगला आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ना, तिथूनच सुरुवात करते, कारण ‘नटसम्राट’मधली मुलंसुद्धा वाईट नाहीत. आपण पन्नास वर्षं त्यांना शिव्या देत आलो पण नाटक नीट बघा. अप्पा म्हणजे निवृत्त झालेला नट, आपलं सगळं मुलांना देऊन टाकतो आणि मग त्यांच्याकडे राहतो. मुलीचं, नलूचं, अप्पांवर प्रेम आहे, खोटं नाहीये ते. पण तिच्या घराची एक घडी बसलेली आहे, नवऱ्याची प्रतिष्ठा आहे, घरी येणारे-जाणारे लोक आहेत, आणि अप्पा बेलवलकर त्या घडीत बसत नाहीत, मोठ्याने बोलतात, मनाला येईल तसं वागतात. एवढंच कारण. मग हळूहळू त्यांची जागा मागे मागे सरकते आणि शेवटी पैसे चोरल्याचा आळ येतो. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘किंग लियर’वरून प्रेरणा घेतली, पण लियरमध्ये म्हाताऱ्या माणसाचे डोळे काढतात, युद्ध होतं, विषप्रयोग होतो, आणि आपल्याकडे यातलं काहीच होत नाही, तरी नाट्यगृहातली माणसं रडत बाहेर पडतात. कारण इथे क्रूरपणा म्हणजे सोय आहे. मुलांची सोय. आणि सोयीसाठी वागणाऱ्या माणसाला आपण दुष्ट वागतोय हे कळतच नाही, त्याला वाटतं आपण व्यवहाराचं बोलतोय.

आता एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट सांगते. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं डिसेंबर १९७० मध्ये, धी गोवा हिंदू असोसिएशनने केलं, अप्पा झाले डॉ. श्रीराम लागू. आणि त्याच वर्षी मे महिन्यात लागूंनीच तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं होतं. विषय बघा, तोच. बाप, त्याचा पैसा आणि त्याची मुलं. फक्त तिथे मुलं बापाला दारू पाजून, मारहाण करून पैसे कुठे ठेवलेत ते काढून घेतात, बहिणीचा पाय मोडतात, तिच्या पोटावर लाथा मारतात. आणि बाप पण काही संत नाही, त्याने स्वतःच्या भावाला धंद्यात फसवलेलं आहे, म्हणजे मुलं जे करतायत ते घरातच शिकलीत. एकाच वर्षात एकाच माणसाने ही दोन नाटकं केली, एकाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याला सेन्सॉरने आणि प्रेक्षकांनी नाकं मुरडली. मला वाटतं कारण असं की ‘नटसम्राट’ बघताना आपण सगळे अप्पा होतो, आपल्यावर अन्याय झालेला असतो. ‘गिधाडे’ बघताना अप्पा व्हायला कुणी मिळतच नाही. तिथे फक्त मुलं व्हायचं, नाहीतर तो बाप.

तुमचा प्रश्न मात्र व्यवहाराचा आहे, तर व्यवहाराचं पण लिहिते. समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये असं आपली जुनी माणसं म्हणायची ते उगीच नाही. मृत्युपत्र करा. ते तुमच्या मागे लागू होतं आणि हयातीत कधीही बदलता येतं, वारसाच्या भानगडीचा प्रश्न त्यानेही बराच सुटतो. आणि बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर त्यात सांभाळ करण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा जो कायदा आहे त्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट असेल आणि मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं, अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. अट लिहिताना मुलाला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटतंय हे पत्रात दिसतंय. चांगला मुलगा असेल तर त्याला वाईट वाटणार नाही, आणि वाटलंच तर ते आत्ता वाटलेलं बरं.

मी बीड जिल्ह्यात शाळेत शिकवते. ‘संगीत शारदा’चा उतारा मुलांना वाचून दाखवला तर एक सहकारी म्हणाले, कशाला ते जुनं, आता कुठे राहिलंय असं? शारदा कायदासुद्धा त्या नाटकामुळेच झाला ना?

कायद्याचं आधी. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांनी मांडला म्हणून त्याला सारडा कायदा म्हणायचे, आपल्याकडे त्याचं सर्रास शारदा झालं आणि देवलांच्या नाटकाशी नातं जुळलं. नाटक १८९९ चं, किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात बाला-जरठ विवाहाविषयी, म्हणजे लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याविषयी, जी चीड तयार झाली त्यात देवलांचा वाटा फार मोठा आहे, कायद्यावर नाव कुणाचंही असो.

आता कुठे राहिलंय म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना एक आकडा सांगा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. आणि तुम्ही तर बीडच्या आहात, तुम्हाला मी काय सांगायचं. ऊसतोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर मिळते. पोरगी घरी ठेवून जायचं तर तिच्या सुरक्षिततेची भीती, बरोबर न्यायची तर शाळा बुडते, आणि लग्न लावलं की एक जबाबदारी कमी आणि तिकडे एक कोयता तयार. आई-बापाला दोष देणं सोपं आहे पण त्या हिशोबात कारखाना आहे, मुकादम आहे, वऱ्हाडात जेवून येणारा अख्खा गाव आहे.

आणि देवलांनी नेमकं हेच केलंय, म्हणून मला ते नाटक अजिबात जुनं वाटत नाही. लोक भुजंगनाथाला हसतात, केसांना कलप लावणारा म्हातारा, बोहल्यावर चढायची घाई झालेला. पण नाटकातला खरा भयंकर माणूस तो नाहीच, मुलीचे पैसे मोजून घेणारा शारदेचा बाप कांचनभट आहे, आणि त्याहूनही भद्रेश्वर दीक्षित. मध्यस्थ. त्याला ना शारदेशी काही देणंघेणं ना म्हाताऱ्याशी, लग्न जुळलं की त्याचं काम झालं. तो गोड बोलतो, धर्माची भाषा बोलतो, सगळ्यांना बरं वाटेल असं बोलतो. अशी माणसं तुमच्या मुलांनी लग्नाच्या बैठकीत बघितलेली असणार. शारदेच्या आईला दिसतंय की पोरीचं वाटोळं होतंय, तिचा जीव तुटतो, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नाही.

आणखी एक जागा मुलांना जरूर दाखवा. लग्न मोडतं ते कशामुळे? मुलगी लहान आहे म्हणून नाही, तिची इच्छा नाही म्हणून नाही, म्हातारा आज आहे उद्या नाही म्हणूनही नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून मोडतं! म्हणजे त्या समाजाला मुलीचं रडणं ऐकू येत नाही पण गोत्र लगेच ऐकू येतं. देवलांनी ते तसंच ठेवलंय, वर भाषण दिलेलं नाही, आणि मुलं हुशार असतात, त्यांना बरोबर खटकतं. खटकू द्या, लगेच समजावून सांगायला जाऊ नका.

आणि वर्गात एखादी मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळली तर तिच्याशी बोला. १०९८ हा नंबर फळ्यावर लिहून ठेवा, कायद्याने गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हेही मुलांना माहीत असू द्या.

नाटक ही करमणूक आहे. दिवसभर बातम्यांत क्रूरपणाच बघायचा आणि रात्री तिकीट काढून पण तेच? ‘सखाराम बाइंडर’, ‘गिधाडे’ असली नाटकं समाजाला काय देतात? – एक प्रेक्षक, ठाणे

थकून आल्यावर हलकंफुलकं बघावंसं वाटतं यात काहीच चूक नाही, मलाही वाटतं. पण बातमी आणि नाटक हे एकच बघणं आहे असं मला पटत नाही. बातमीत ‘अमुक ठिकाणी पत्नीचा खून’ एवढंच येतं, आपण हळहळतो आणि पान उलटतो. नाटक आपल्याला दोन-अडीच तास त्या घरात बसवतं.

‘सखाराम बाइंडर’च घ्या. १९७२ मध्ये आलं तेव्हा सेन्सॉरने अडवलं, कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. गदारोळ झाला तो भाषेवरून आणि लग्नाशिवाय एकत्र राहण्यावरून. सखाराम घर नसलेल्या बायकांना आपल्याकडे ठेवून घेतो, आधी लक्ष्मी, मग चंपा. पण नाटकात सगळ्यात अंगावर येते ती लक्ष्मी. देवभोळी, मुंगीशी सुद्धा मायेनं बोलणारी, उपासतापास करणारी बाई. ती चंपाचं गुपित सखारामला सांगते, त्याच्या हातून चंपाचा खून होतो, आणि मग तीच त्याला धीर देते की हे पाप नव्हे, आणि प्रेत पुरायला हात लावते. शिवराळ सखाराम तिथे कोसळलेला असतो आणि देवाचं नाव घेणारी बाई भक्कम उभी असते. लक्ष्मीला डोक्यावर छप्पर हवंय हो, दुसरं काही नाही, तिला जायला जागा नाही, आणि चंपा आहे तोवर ते छप्पर पक्कं नाही. हे मला कुठल्या बातमीनं शिकवलं नसतं. बातमीनं मला सखारामचा फोटो दाखवला असता, लक्ष्मी शेजारीण म्हणून दोन ओळी बोलून गेली असती आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला असता.

‘गिधाडे’च्या वेळी बाईच्या साडीवरच्या लाल डागावर आक्षेप आला होता. पोटातल्या बाळाला लाथेनं मारणं हा नाटकाचा भाग, त्यावर काय म्हणायचं ते सोडून डागाचा रंग. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण घराघरातही असंच होतं, मारहाण चालू असते आणि चर्चा आवाज शेजारी गेला याची होते.

आमच्या वडोदऱ्याच्या मराठी मंडळात ‘एकच प्याला’चं वाचन झालं. माझी आई सिंधूसाठी रडली, आणि माझी मुलगी भडकली, म्हणाली ही बाई मरताना पण नवऱ्याला वाचवते म्हणजे कमाल आहे. दोघींमध्ये अजून वाद चालू आहे. बरोबर कोण?

किती छान, त्याच शहरात! गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळींनी ‘एकच प्याला’ बडोद्यातच पहिल्यांदा केलं, बालगंधर्व सिंधू झाले होते. गडकऱ्यांना ते बघायला मिळालं नाही.

दोघीही बरोबर, पण मला मुलीचा राग जास्त कामाचा वाटतो. तिला सांगा की राग सिंधूवर काढून थांबू नकोस, जरा आजूबाजूला बघ. सिंधूचा नवरा सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि तळीराम त्याला पहिला प्याला देतो. तळीरामाला काय मिळतं त्यातून? सोबत मिळते, फुकटची दारू मिळते, आणि आपल्यापेक्षा वरचा माणूस आपल्या पातळीवर आल्याचं समाधान मिळतं. आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे त्या दारूबाजांच्या मंडळाच्या, प्रवेशांना लोक हसून हसून दमतात, अजून दमतात, गडकऱ्यांचं विनोदाचं सामर्थ्यच तसं आहे. पण हसताना एवढं लक्षात ठेवायचं की त्या प्रत्येकाच्या घरी एक सिंधू आहे आणि ती दळण दळतेय. सुधाकरच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधू मरते, मंडळ मात्र चालूच राहिलं असतं.

सिंधूने शेवटी खोटी जबानी का दिली, पतिव्रता म्हणून, असं आपल्या आईच्या पिढीला शिकवलं गेलं. त्या पिढीच्या कितीतरी बायकांनी ते नाटक बघून घरी जाऊन तसंच सोसलं असणार, आणि त्यांच्या नवऱ्यांनीही ते नाटक बघितलं असणार, डोळे पुसले असणार आणि दुसऱ्या दिवसापासून काही बदललं नसणार. हा प्रश्न गडकऱ्यांना विचारायला हरकत नाही, मोठा लेखक आहे म्हणून विचारायचं नाही असं नसतं. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, फटकळ, तोंडावर बोलणारी. आईला आणि मुलीला एकत्र बसवून गीतेचे प्रवेश मोठ्याने वाचायला सांगा. वाद मिटणार नाही पण पुढे सरकेल.

तुम्ही सांगता ती सगळी नाटकं पुण्या-मुंबईच्या, वाड्यातल्या आणि फ्लॅटमधल्या माणसांची. जातीच्या क्रूरपणाबद्दल मराठी नाटक गप्प का? – एक वाचक, नागपूर

तुमची तक्रार बरीचशी खरी आहे. मुख्य रंगभूमी, तिकीट काढून बघायची, ती गप्पच राहिली. पण नाटकच नव्हतं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. ‘शारदा’च्या आधी ४४ वर्षं. एक गरोदर कुणबी बाई, तिला जोशी ग्रहांची भीती घालतो, मग ग्रहांची शांत करायची, मग ब्राह्मणभोजन, आणि त्या पायी नवरा-बायको कर्जात. म्हणजे पुन्हा तेच, भीती दाखवणाऱ्याच्या मागे एक साखळी आहे आणि प्रत्येक कडीला थोडं तूप मिळतंय. शेवटी ते जोडपं शिकायला जायचं ठरवतं. फुल्यांनी हे नाटक पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं, कमिटीने नाकारलं, आणि ते छापून लोकांच्या हातात आलं थेट १९७९ मध्ये! सव्वाशे वर्षं. मराठी नाटक गप्प का, याचं निम्मं उत्तर इथे आहे, काही लोक बोलत होते, त्यांचा आवाज छापलाच गेला नाही.

नंतर प्रेमानंद गज्वींनी ‘किरवंत’ लिहिलं, अंत्यसंस्कार करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच जातभाई कसं दूर ठेवतात यावर. ते वाचाच, कारण जातीची उतरंड किती खालपर्यंत आणि किती आतपर्यंत जाते ते त्यात दिसतं. ज्याच्याशिवाय तुमचं मढं उचललं जात नाही त्याच्या घरचं पाणी चालत नाही. आणि ‘घाशीराम कोतवाल’बद्दल थोडं, कारण त्याला नुसतं ब्राह्मणविरोधी म्हणून मोकळे होणारे पण आहेत आणि त्यासाठीच डोक्यावर घेणारे पण. १९७२ मध्ये पुण्याच्या पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ते केलं, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पण विरोध झाला आणि संस्थेनेच प्रयोग थांबवले, मग त्या मुलांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. परगावचा ब्राह्मण पुण्यात येतो, चोर ठरवून त्याला मारतात, अपमान करतात, तो पोटची मुलगी गौरी नाना फडणवीसाला देऊन कोतवाली मिळवतो आणि अख्ख्या शहराचा सूड घेतो. मुलगी मरते. शेवटी लोक घाशीरामला ठेचतात आणि नाना सुरक्षित राहतो. इतिहासातला घाशीराम सुद्धा १७९१ मध्ये असाच लोकांच्या हातून मेला. रंगमंचावर माणसांची भिंत असते ना, नाचणारी, गाणारी, ती मध्येच ब्राह्मण होते, मध्येच पडदा होते, मध्येच पाठ फिरवते. मला त्या नाटकात नानापेक्षा आणि घाशीरामपेक्षा ती भिंत जास्त अस्वस्थ करते. एकट्या गौरीसाठी त्या भिंतीतला एकही माणूस हलत नाही, आणि स्वतःचा जीव धोक्यात आल्यावर मात्र सगळे धावतात. हे पुण्याचं आहे, पेशवाईचं आहे, आणि तुमच्या-माझ्या गल्लीचंही आहे, जात कुठलीही असो.

ताई, आम्ही सोलापूरला कॉलेजमध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवतोय. मी काशीकर करतोय. सर म्हणतात व्हिलन वाटला पाहिजे. मला जमत नाहीये, खोटं वाटतंय. काय करू?

खोटं वाटतंय ना, मग तुझं बरोबर चाललंय. सरांचा मान राखून सांगते, काशीकर व्हिलन केलास की नाटक संपलं. मग प्रेक्षक म्हणणार, हा दुष्ट माणूस आहे, आपण नाही.

बघ, ही माणसं कोण आहेत? हौशी नाटकवाले. सुखात्मे वकील पण अशील नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात, इंटर नापास. रोकडे दुसऱ्याच्या घरी वाढलेला, कायम दबलेला. काशीकरबाईंना नवरा चारचौघांत गप्प करतो आणि त्यांना मूल नाही. प्रत्येकाला आयुष्याने कुठे ना कुठे मारलेलं आहे. आणि त्यांच्यातलीच शाळेत शिकवणारी बेणारेबाई हसतेय, गातेय, नोकरीत चांगली आहे, मुलांची लाडकी आहे, तोंडावर टोमणे मारते. ते यांना सहन होत नाही. संध्याकाळच्या प्रयोगाआधी वेळ आहे, गावातल्या सामंतला कोर्ट कसं असतं ते दाखवायचंय, म्हणून गंमत म्हणून खटला, आरोप भ्रूणहत्येचा. गंमतच असते ती. मग कुणाच्या तरी तोंडून एक खरी गोष्ट निसटते, मग दुसरी, आणि यांना चव लागते. तुला हे क्षण शोधायचेत, काशीकरला नक्की कुठे चव लागते. तालमीत प्रत्येकाने स्वतःचा तो क्षण पेन्सिलने खुणावा. एकाच वेळी सगळे क्रूर होत नाहीत, एकेक करून होतात, आणि शेवटचा माणूस होतो तेव्हा परत फिरायला रस्ता उरलेला नसतो.

खटल्यात न्यायाधीश झालेला काशीकर स्वतःला समाजाचा काळजीवाहू समजतो. नीतीबद्दल तो बोलतो ते त्याला मनापासून पटलेलं आहे. तू ते तसंच बोल, आवाज चढवू नकोस, घरातला वडीलधारा माणूस चार हिताच्या गोष्टी सांगतो तसं. आणि तोच शेवटी निकाल देतो की पोटातलं मूल नष्ट करण्यात यावं. आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षाही भ्रूणहत्येचीच, आणि देणाऱ्याला त्यात काही विसंगत दिसत नाही. हे वाक्य जितकं साधं येईल तितकं प्रेक्षक हादरेल. १९६७ मध्ये रंगायनने हे नाटक केलं, अरविंद देशपांडेंचं दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे बेणारे, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही कॉलेजात केलं तरी ते लागतंच, कारण असा खटला ऑफिसच्या लंचटाइममध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुणाच्या तरी कॉमेंटखाली रोज भरतो. एका मुलीचा फोटो, एक वाक्य, आणि दोनशे न्यायाधीश.

आणि त्यांच्याच मंडळीतल्या प्रा. दामलेची रिकामी खुर्ची. नाटकभर तो येत नाही. बेणारेच्या पोटातलं मूल ज्याचं त्याच्यावर खटला भरावा असं एकाच्याही मनात येत नाही. तुमच्या सरांना विचार, ती खुर्ची रंगमंचावर खरंच ठेवता येईल का कोपऱ्यात, उगाच प्रकाशबिकाश न टाकता.

सामंतचं काम कुणाला दिलंय? ते सगळ्यात साध्या मुलाला द्या, ज्याला अभिनय करायची हौस कमी आहे त्याला. तो गावातला सरळ माणूस, खिशातल्या कादंबरीतून वाचून साक्ष देतो, त्याला वाटतं खेळ आहे, आणि त्याची ती बनावट साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर जाऊन बसते. त्याचा काहीच स्वार्थ नाही तरी तो त्या कोर्टाच्या उपयोगी पडतो. तो जर हुशार दिसला किंवा विनोदी केलात तर फुकट जाईल.

बेणारे करणाऱ्या मुलीशी तालमीनंतर नीट बोलत जा, सगळेच. महिनाभर रोज तिला घेरून उभं राहायचंय तुम्हाला, तिच्या अंगावर ओरडायचंय, आणि मुलं मुलं असतात, तालीम संपल्यावर पण मस्करीत तीच वाक्यं फेकली जातात. तसं होऊ देऊ नका, हे तू काशीकर म्हणून बाकीच्यांना सांग. तारीख ठरली की कळव, सोलापूरला यायचा प्रयत्न करते.